शून्य आणि कोरा रकाना

विद्यार्थिमित्रहो, मराठी व इतिहास शिकविणाऱ्या, कला शाखेची पदवी घेतलेल्या शिक्षिकेने गणितावर लेख लिहावा, हे पाहून तुमच्यापैकी कित्येकांच्या मुखावर स्मित उमटेल. शाळा सुटल्यावर मला सर्वांत अधिक आनंद कशाचा झाला असेल तर तो बीजगणिताच्या पुस्तकाचा निरोप घेण्याचा, असे वर्गात मीच तुम्हांला अनेकदा सांगितले आहे. ते विधान आज मी अंशतः मागे घेत आहे. त्यास निमित्त घडले ते एका चर्चासत्राचे.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यापीठात विज्ञानाच्या विविध शाखांतील उपयोजित गणित व संख्याशास्त्र या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र भरले होते. आमच्या शाळेतील गणिताच्या सरांना तेथे जावयाचे होते. त्यांना सोबत व्हावी म्हणून, आणि खरे सांगावयाचे तर कणकुंबीच्या धुक्याबाहेरचे जग दोन दिवस पाहावयास मिळेल म्हणून, मीही निघाले. दारातच आम्हांस एक पिशवी, एक लेखणी व एक वही मिळाली. प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी मिळावयाचे होते. (प्रमाणपत्र अखेरीस ठेवण्यामागील धोरण श्रोत्यांच्या स्वभावाची उत्तम जाण असणाऱ्या गृहस्थांचे असावे.) व्याख्याते विद्वान होते. कोणी साथीच्या रोगाचा फैलाव समीकरणांत मांडीत होते, कोणी उसाच्या जातींची तुलना करीत होते, तर कोणी नदीच्या पुराचा अंदाज सांगत होते. सारे इंग्रजीत. पहिला दिवस अस्मादिकांच्या डोक्यावरून गेला, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका तरुण संशोधकाने पडद्यावर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका ठिकाणच्या रोजच्या पावसाचा तक्ता दाखविला. आकड्यांपैकी मला समजण्याजोगे असे एवढेच होते. महिना जुलै. एका दिवशी तीन अंकी मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी तसेच. त्यानंतर ओळीने तीन दिवस शून्य. आणि चौथ्या दिवशी पुन्हा तीन अंकी. घाटमाथ्यावर पावसाळे काढलेल्या माणसाच्या पोटात ते तीन शून्य पाहून काही तरी ढवळल्यावाचून राहणार नाही. जुलैत आमच्याकडे उघडीप पडतच नाही असे नव्हे. परंतु दोन्ही बाजूंनी अशी धार लागली असता मध्ये तीन दिवस थेंबही पडू नये, हे मला पटेना. मी हात वर केला आणि मराठीतच विचारले, “ह्या तीन दिवशी पाऊस पडला नाही, की मोजणारा पोहोचू शकला नाही?”

सभागृहात थोडा हशा पिकला. तो तरुण मात्र हसला नाही. त्याने मूळ कागद उघडून पाहिला आणि प्रांजळपणे सांगितले, “बाई, मूळ कागदावर हे तीन रकाने कोरे आहेत. यंत्राने कोऱ्या जागेचे शून्य केले, ते माझ्या लक्षात आले नाही.” पुढचा अर्धा तास त्या एकाच गोष्टीवर चर्चा झाली. वृद्ध प्राध्यापक, हवामानाचे जाणकार व शेतकीचे पदवीधर प्रथमच एकमेकांकडे वळून बोलू लागले. दोन दिवसांतील तोच अर्धा तास मला खरे चर्चासत्र वाटला. एरवी जे चालले होते ती व्याख्यानांची रांग होती.

शून्य आणि कोरा रकाना यांतील भेद हा शब्दांचा खेळ नव्हे. शून्य म्हणजे ‘मी गेलो, पाहिले, पाणी नव्हते.’ कोरा रकाना म्हणजे ‘मला ठाऊक नाही.’ एक ज्ञान आहे, दुसरे अज्ञानाची प्रामाणिक कबुली. या दोहोंची गल्लत झाली की पुढील सारी बेरीज, सरासरी, आलेख आणि समीकरण कितीही निर्दोष असले तरी व्यर्थ होय.

हा प्रश्न इतर गावांपेक्षा आपल्या कणकुंबीस अधिक जवळचा आहे. आपल्या गावी मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमापाशी कृष्णेस मिळते. आणि याच गावच्या परिसरातून निघणारा कळसा नाला पश्चिमेकडे म्हादईला जाऊन मिळतो. तीच नदी पुढे मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रास मिळते. एका कौलाच्या पन्हळीवर पडलेला पाऊस अंगणात दोन दिशांना फुटावा, तसे हे गाव. माझे माहेर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, चाकरी कणकुंबीस; घरात कोंकणी, वर्गात मराठी, बसमध्ये कन्नड. पाण्याच्या वादात माझे एक मन घाटाखाली व एक घाटावर असते, आणि दोन्हीकडील सोयऱ्यांकडून बोलणी खाण्याचा योग मला वर्षातून निदान एकदा तरी येतो.

म्हादईच्या पाण्याचा वाद सोडविण्यासाठी केंद्र सरकारने 2010 साली लवाद नेमला आणि 14 ऑगस्ट 2018 रोजी त्याचा निवाडा झाला. त्यात कर्नाटकास 13.42, गोव्यास 24 व महाराष्ट्रास 1.33 अब्ज घनफूट पाणी देण्यात आले. वाद त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्या न्याय-अन्यायाविषयी येथे लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. वाटणी करण्यापूर्वी नदीत पाणी किती, हे ठरविणे प्राप्त होते. गोव्याने मांडलेला आकडा सुमारे 113 अब्ज घनफुटांचा होता. लवादाने अखेर 188.06 हा आकडा धरला. नदी एक, पाऊस एक, आणि विद्वानांच्या हिशेबात एवढे अंतर!

या आकड्याच्या मागे एक शब्दप्रयोग आहे, तो तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल: ‘75 टक्के भरवशाचे पाणी.’ मी तो अनेक वर्षे वाचला आणि त्याचा अर्थ ‘नदीच्या पाण्यापैकी पाऊण हिस्सा’ असा समजत आले. चर्चासत्रातून परतताना बसमध्ये सरांनी मला तो समजावून दिला. समजा, चाळीस वर्षांच्या नोंदी आपल्यापाशी आहेत. दर वर्षी नदीतून किती पाणी वाहिले, ते आकडे मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने मांडावयाचे. तिसाव्या क्रमांकाच्या आसपास जो आकडा येईल, तेवढे पाणी चारांपैकी तीन वर्षे तरी नदीत असते. म्हणून ते 75 टक्के भरवशाचे. रांगेत सर्वांत वर असलेले महापुराचे वर्ष कितीही फुगले तरी या आकड्यास धक्का लागत नाही. परंतु रांगेच्या खालच्या टोकाजवळची वर्षे इकडची तिकडे झाली की आकडा हलतो. आता विचार करा, नदीवर मोजणी थोडकी असेल तर पावसावरून प्रवाहाचा अंदाज बांधावा लागतो. एखाद्या ठिकाणचे कोरे दिवस शून्य धरले, तर चांगल्या पावसाचे वर्ष रांगेत खाली घसरते. उलट, घाटमाथ्यावरील कोरी जागा जर कोणी पूर्वेकडील मैदानी गावाच्या पावसाने भरली, तरीही हिशेब चुकतो. कारण कणकुंबीहून बेळगावकडे निघालेल्या माणसास ठाऊकच असते की, येथे छत्री उलटी होत असता खानापूरच्या पलीकडे लोक उन्हात धान्य वाळवीत असतात. लवादाच्या कामात असे काही घडले, असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की, तीन राज्यांच्या तहानेचा हिशेब अखेर कोण्या एका माणसाने पावसात उभे राहून वाचलेल्या मोजपट्टीवर उभा असतो, आणि त्या माणसास चर्चासत्राचे निमंत्रण नसते.

मोजणारा आणि गणित करणारा हे दोघे एकत्र आले म्हणजे काय होते, याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला पहिले स्मरण होते ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यात 1907 साली जन्मलेला हा मनुष्य गणिती होता; पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. प्राचीन चांदीची आहत नाणी तोपर्यंत पंडितांनी त्यांवरील चिन्हांच्या आधारे लावून पाहिली होती. कोसंबींनी ती तराजूत घातली. त्यांचा विचार इतका सरळ आहे की आपणांस तो कसा सुचला नाही, याचा खेद व्हावा. नाणे टाकसाळीतून बाहेर पडते तेव्हा त्याचे वजन ठराविक असते. पुढे ते हातोहाती फिरते, घासते, झिजते. म्हणून एकाच प्रकारच्या नाण्यांचा गट जितका अधिक काळ चलनात राहिला असेल, तितके त्याचे सरासरी वजन कमी. आणि काही नाणी फार फिरलेली तर काही कोणाच्या गाठोड्यात पडून राहिलेली, म्हणून वजनांतील आपसांतला फरकही अधिक. साठा जमिनीत पुरला गेला की झीज थांबते. घड्याळ बंद पडते. तक्षशिलेस सापडलेल्या साठ्यांतील नाणी त्यांनी अशी तोलून गटांचा कालक्रम लावला. आणि आपली कल्पना खरी की खोटी, हे पडताळण्यासाठी त्यांनी काय केले? बाजारात चालणारी आपल्या काळची नाणी जमवून तीही तोलली! याच कोसंबींनी 1944 साली आनुवंशशास्त्रात जे सूत्र मांडले, ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. 1948 साली त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. आणि 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ आला. हा मनुष्य आज हयात असता तर त्यास अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी कोणत्या शाखेचा अर्ज द्यावयाचा, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

दुसरे नाव सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. त्यांचा प्रश्न शेतकऱ्यास सहज कळणारा आहे. साऱ्या जिल्ह्याचे भात कापून तोलता येत नाही. तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्या तशी काही शेते निवडून त्यांत एक लहानसा तुकडा आखून कापावयाचा आणि त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधावयाचा. पण तुकडा केवढा आखावा? महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. सुखात्मे यांनी 1940 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वस्तुस्थितीपेक्षा अधिक दिसते. याचे कारण कडेवरचे रोप. ते दोरीच्या आत धरावे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आतच ओढतो. मोठ्या तुकड्यात या दोन-चार रोपांनी फारसे बिघडत नाही. लहान तुकड्यात त्यांनीच सारा हिशेब फुगतो. पहा, येथे गणित आहे. पण ते कळण्यासाठी कापणाऱ्याचा हात पाहावयास शेताच्या बांधावर उभे राहावे लागते. आज आपल्या गावांत पीककापणीचे प्रयोग होतात आणि त्यांवर पीकविम्याची भरपाई अवलंबून असते. तेव्हा दोरीच्या कडेवरचे ते रोप म्हणजे कोणाच्या तरी घरचे वर्षाचे धान्य आहे.

अशी आणखीही माणसे झाली. कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी 1953 साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या विभागाची उभारणी केली. इरावती कर्वे या मानववंशशास्त्राच्या पंडिता, त्यांनी वि. म. दांडेकर या संख्याशास्त्र जाणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञास बरोबर घेऊन महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास केला, तो 1951 साली प्रसिद्ध झाला. कर्नाटकातील हडगली येथे 1920 साली जन्मलेले सी. आर. राव तरुणपणी केंब्रिजला गेले ते सुदानात उत्खननात सापडलेल्या मानवी हाडांची मापे अभ्यासण्यासाठी. पुण्यात ज्यास लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते हवामान खात्याचे कार्यालय 1928 साली सिमल्याहून तेथे आले. त्याच खात्याचे 1904 ते 1924 या काळातील प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती होते. दुष्काळांनी पोळलेल्या या देशात मान्सूनचा अंदाज बांधावा म्हणून जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे कारकुनांकरवी मांडवून घेता घेता प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरील दाबाचा झोका त्यांच्या ध्यानी आला. आज आपण ‘एल निनो’चे नाव घेतो, ते त्या झोक्याशी निगडित आहे.

ही नावे मी केवळ अभिमानापोटी सांगत नाही. यांपैकी प्रत्येक कामात गणिताने आपली खोली सोडून दुसऱ्याचा उंबरठा ओलांडलेला आहे. आणि म्हणूनच विद्यापीठांतील चर्चासत्रांविषयी माझी तक्रार आहे. विविध शाखांचे लोक एका मांडवाखाली बोलाविणे ही कल्पना उत्तम. परंतु ते एकापाठोपाठ एक आपापला तक्ता दाखवून, टाळ्या घेऊन, जेवून निघून जाणार असतील, तर मांडव कशास हवा? तक्ते टपालाने पाठविले तरी चालेल. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे इतर शाखांचे लोक बहुधा काम संपल्यावर जातात; म्हणजे नोंदी झाल्या, निष्कर्ष मनात ठरला, आता फक्त सूत्राचा शिक्का हवा. रोगी दगावल्यावर वैद्यास बोलावून नाडी पाहावयास सांगण्यासारखे हे आहे. नोंदवही आखण्यापूर्वी, शेत निवडण्यापूर्वी, मोजपात्र कोठे ठेवावे हे ठरविण्यापूर्वी ही भेट व्हावयास हवी.

माझी दुसरी तक्रार भाषेची आहे. शास्त्राची आंतरराष्ट्रीय देवघेव इंग्रजीत होते, ती तशी होवो. त्यास माझी हरकत नाही. पण ज्या नोंदी आमच्या घाटांतून, शेतांतून, दवाखान्यांतून गोळा झाल्या, त्यांविषयीची अर्धा दिवसाची एक बैठक तरी नोंद करणाऱ्यांच्या भाषेत का होऊ नये? मराठीत, कन्नडात, कोंकणीतही. मी मराठीत प्रश्न विचारला तेव्हा जो हशा झाला, तो द्वेषाचा नव्हता हे मी जाणते. अनपेक्षित ठिकाणाहून आवाज आला म्हणजे लोक हसतात. परंतु पर्जन्यमापक वाचणारा शिपाई, पीककापणीस जाणारा तलाठी, ताप मोजणारी परिचारिका यांचे आवाज तेथे इतके अनपेक्षित असावेत, यातच सारे आले.

तुमच्यापैकी जे दहावीनंतर ‘गणित नको म्हणून कला शाखा’ असा विचार करीत असतील, त्यांच्याशी मात्र मी भांडणार आहे. कला शाखा अवश्य घ्या. इतिहासावर, भाषेवर प्रेम असेल तर घ्या. पळवाट म्हणून घेऊ नका. मी पळवाट म्हणून घेतली होती, आणि ‘75 टक्के भरवसा’ या दोन शब्दांचा अर्थ कळावयास मला तिशी उलटावी लागली; तोवर माझ्या गावच्या पाण्याविषयी जे लिहिले जात होते ते मी वाचीत होते, समजत नव्हते. विज्ञान शाखेस जाणाऱ्यांनीही फार ताठून जाऊ नये. त्या दिवशी शून्याची चूक ज्या ज्ञानाने दिसली ते ज्ञान पुस्तकातले नव्हते. ते पागोळ्यांखाली बादल्या लावणाऱ्या कोणत्याही बाईपाशी असते.

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहावयास घेतला. गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेत सरांनी पावसाची वही सुरू केली, हे तुम्हांस ठाऊक आहे. उभ्या भिंतींचा एक डबा, एक पट्टी आणि एक वही. डब्याचे तोंड केवढेही असले तरी भिंती सरळ उभ्या असतील तर साचलेल्या पाण्याची उंची तीच येते, हे सरांनी तुम्हांला दाखविले होते. रोज सकाळी साडेआठ वाजता वाचन करावयाचे. जुलैत आठवीतील एका मुलाची पाळी होती. तीन दिवस नाल्यास पाणी आले, त्यास शाळेत येता आले नाही, आणि वहीत तीन रकाने कोरे राहिले. सर रजेवर होते. पुढे प्रदर्शनासाठी वही मांडावयाची म्हणून ती माझ्या हाती आली. मला ते कोरे रकाने फार विद्रूप दिसले. मी त्या मुलास बोलावून म्हटले, “अरे, आजूबाजूचे आकडे पाहून अंदाजाने भर की.” तो गप्प उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, आजी म्हणते, जे बघितलंच नाही ते लिवायचं कसं?” मी त्यास उद्धट ठरविले, आणि तीन आकडे स्वतः सांगून त्याच्याकडून लिहवून घेतले. प्रदर्शनात त्या वहीचे कौतुक झाले.

चर्चासत्राहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती वही कपाटातून काढली. जुलैचे पान उघडले. इतर सारे आकडे शाईने लिहिलेले होते; ते तीन तेवढे पेन्सिलीने, अगदी फिकट. आणि त्यांच्या समोर, शेऱ्याच्या रकान्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: ‘मोजले नाही. बाईंनी सांगितले म्हणून.’

मी त्या मुलास बोलाविले आणि त्याच्या समक्ष ते तीन आकडे रबराने खोडले. शेऱ्यातील पहिले दोन शब्द त्याने शाईने गिरवले. उरलेले खोडू का, असे त्याने विचारले. मी म्हटले, राहू देत. जूनमध्ये नवी वही सुरू होईल. तिची पहिली पाळी त्याच्याकडे आहे. आणि जुन्या वहीच्या त्या पानाची प्रत मी त्या तरुण संशोधकास टपालाने पाठविली आहे.